पाण्याचा हिशेब मी उलटा मांडला

हिंगोलीत राहणाऱ्या माणसाला पाणी जपून वापर, असं वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या भागात नळ रोज येत नाही, एवढं एक कारण पुरे आहे. शहराचं पिण्याचं पाणी औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणातून येतं. पूर्णेवर वरच्या अंगाला येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर, अशी ही जोडी. गावाच्या कडेनं कयाधू जाते, पण चैत्र लागला की तिच्या पात्रात गोटेच जास्त दिसतात. त्यामुळे पाणी वाचवायची इच्छा आमच्याकडे घरोघर असते. माझी तर फार होती. तरीही कित्येक वर्षं मी घरात जे केलं त्यानं पाणी फारसं वाचलं नाही, घरातल्या बायकांचं काम मात्र वाढलं, आणि त्यात मुलगा एकदा मरणाच्या दारातून परत आला. हे सगळं लिहून काढायचं ठरवलं, कारण तेच करत असलेली बरीच घरं मी आजूबाजूला पाहतो.

सुरुवात 2016 च्या उन्हाळ्यात झाली. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या, सगळ्या मिळून साधारण 5 लाख लिटर. मी सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. सकाळची शाळा होती. मुलांना फळ्यावर भागाकार घालून दिला: 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर, तर एका गाडीतून माणशी पाणी किती? उत्तर दीड लिटरसुद्धा येत नाही. मुलांनी शून्य चुकलं असेल म्हणून पुन्हा भागाकार केला, तरी तेच आलं. लातूर आमच्यापासून लांब नाही. घरी आलो तो मनात भीती घेऊनच आलो आणि त्या भीतीपोटी घराला नियम लावले.

कागदावर यादी लिहून ती स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली. भांडी वाहत्या नळाखाली धुवायची नाहीत. डाळ-तांदळाचं धुवण फेकायचं नाही. अंघोळीला एकच बादली. पाहुण्याला अर्धाच पेला द्यायचा, लागलं तर पुन्हा द्यायचा. दारात रोज सडा टाकायचा नाही, सणावाराला टाकावा. आज त्या यादीकडे पाहिलं की एक गोष्ट डोळ्यात भरते: अंघोळ सोडली तर माझ्या हातानं होणारं एकही काम तीत नव्हतं.

आई कळमनुरी तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली. बहात्तरच्या दुष्काळात ती कामावर खडी फोडायला गेली होती, सुकडी खाऊन तिनं दिवस काढले. आडाच्या तळाला पाणी झिरपेपर्यंत पोहरा हातात धरून काठावर बसून राहायचं, हे तिनं लहानपणी केलं आहे. त्या बाईला मी तांब्या कसा वापरायचा ते शिकवायला निघालो होतो. तिला वाचता येत नाही, म्हणून यादी बायकोनं वाचून दाखवली. आई एवढंच म्हणाली, “सडा बंद कर म्हनतोस तर करते बापा. पर सडा कशाचा टाकायलेय ते तरी बघ की.” रात्रीची भांडी विसळल्यावर शेवटचं जे निवळ पाणी उरायचं, ते ती झाकून ठेवायची आणि सकाळी त्याचाच सडा टाकायची. हे माझ्या घरात कित्येक वर्षं चाललं होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. पाहिल्यावरसुद्धा मी यादी काढली नाही. चूक कळणं आणि ती दुरुस्त करणं यांत माझी बरीच वर्षं गेली.

आता माझ्याकडची कामं सांगतो. नळ आला की मोटर लावणं, टाकी भरणं, गाडी धुणं, दारापुढचा उतार धुणं, झाडांना पाइप धरणं, उन्हाळ्यात कूलर भरणं. यातल्या कशालाच मी नियम लावला नव्हता.

नळाच्या दिवशी तर मी सगळ्यांत जास्त पाणी घालवायचो, आणि ते स्वच्छतेच्या नावाखाली. नवं पाणी येणार म्हटलं की आधीचं साठवलेलं पाणी शिळं झालं म्हणून मोरीत ओतून द्यायचं, पिंप घासायचं आणि ताजं भरायचं. ही रीत फक्त माझी नाही, गल्लीभर हेच चालतं. पिंप घासणं बरोबर आहे. पण झाकलेल्या स्वच्छ भांड्यात, हात न बुडवता ओगराळ्यानं घेतलेलं पाणी चार-आठ दिवसांत नासत नाही. पिण्याला नको वाटलं तर ते कपड्यांना, फरशीला, संडासाला चालतं. मी ते सरळ गटारात सोडत होतो, आणि त्याच आठवड्यात पाहुण्याला अर्धा पेला द्यायला सांगत होतो.

दुसरी गोष्ट टिल्लू मोटरची. नळाला धार बारीक येते म्हणून मी छोटी मोटर थेट नळाच्या तोटीलाच जोडली होती. हे नियमाला धरून नाही, हे मला माहीत होतं. सगळेच लावतात, असं मी स्वतःला सांगत आलो. मोटर लावली की पाइपातलं पाणी माझ्याकडे ओढलं जातं आणि गल्लीच्या शेवटच्या घरांचा नळ कोरडा पडतो. शिवाय पाइपात दाब उरला नाही की जिथे सांधा फुटलेला असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. पावसाळ्याच्या तोंडाला गल्लीत जुलाबाची साथ यायची. तिच्यात माझ्या मोटरीचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण वाटा होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढे मी यादीवर न थांबता उपाय करायला लागलो. संडासातली आमची टाकी जुनी, एका दमात दहा लिटर ओतणारी. तिच्यात वीट ठेवली की तेवढं पाणी कमी भरतं, असं ऐकलं आणि साधी भट्टीची लाल वीट ठेवून दिली. वीट पाण्यात विरघळत नाही, पण तिचे कण सुटत राहतात. ते कण खालच्या रबरी झडपेत बसले, झडप नीट टेकेना आणि भांड्यात केसाएवढी धार अखंड चालू राहिली. आवाज नाही, थेंब नाही. वीट ठेवल्याचं समाधान मात्र मला रोज होतं. वीट ठेवायचीच नसते. वाळूनं भरलेली, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बाटली ठेवावी, तीही झडपेला लागणार नाही अशी.

मग कपड्यांच्या मशीनचं पाणी. मशीनचा पाइप मी मागच्या अंगणातल्या दोन ड्रमांत सोडला आणि ते पाणी झाडांना घालायला लागलो. साबणाच्या पावडरीत सोडा असतो. काळ्या मातीत तो साचत गेला की माती चिवट होते, पाणी आत शिरू देत नाही. कढीपत्त्याचं झाड पिवळं पडलं आणि गेलं. ते आईनं लावलेलं होतं. मग झाडांना फक्त शेवटच्या विसळणीचं पाणी द्यायचं ठरवलं. इथपर्यंत ठीक होतं. पण पावसाळा लागला, झाडांना पाणी लागेना, आणि जमवलेलं पाणी ओतून द्यायला माझा हात होईना. ड्रम तसेच भरलेले राहिले, वर नुसतं पोतं टाकलेलं.

त्या वर्षी गणपतीनंतर मुलाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ, रक्ताच्या तपासणीत डेंग्यू. पेशी उतरत गेल्या आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर रात्री उशिरा येऊन पेशी मोजायला सांगायचे आणि आकडा येईपर्यंत मी व्हरांड्यात उभा राहायचो. मुलगा वाचला. घरी आणल्यावर आरोग्य खात्याच्या आशाताई तपासणीला आल्या. त्यांनी पोतं बाजूला केलं आणि ड्रमात बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. “सर, हा ड्रम रिकामा करून कधी घासला होता?” त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. डेंग्यूचा डास असल्याच साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करून घासायची असतात. शाळेत मुलांकडून कोरड्या दिवसाची शपथ मीच घ्यायला लावत होतो.

बायको त्या दिवसांत मला काही बोलली नाही. मुलगा हिंडूफिरू लागल्यावर एके रात्री म्हणाली, “तुम्ही पाणी वाचवता म्हणता, पण किती वाचलं ते कधी मोजलं का?” मी गणिताचा मास्तर, आणि मी मोजलं नव्हतं.

घराला मीटर नाही. टाकी काळी, आतलं दिसत नाही. गवंडी लोक भिंतीची पातळी बघायला पारदर्शक नळी वापरतात, तशी नळी मी टाकीच्या खालच्या तोटीला जोडून बाहेरून उभी बांधली आणि तिच्या मागे शिवणकामाची टेप चिकटवली. टाकी 1000 लिटरची. तिचा घेर मोजून गणित केलं तर 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण 9 लिटर. घरातल्या कुठल्याही कामाच्या आधी आणि नंतर टेप बघायची, एवढंच. पाणी वाचवू पाहणाऱ्यानं बाकी काही करण्याआधी हे करावं, असं मी आता ज्याला त्याला सांगतो. याला शे-दीडशे रुपयांवर खर्च येत नाही.

आकडे आले ते असे. आम्ही पाच माणसं, आणि दिवसाचा खर्च 700 लिटरच्या पुढे. भांडी, स्वयंपाक आणि पिणं मिळून त्यातलं शंभराच्या आत. म्हणजे ज्या कामांवर मी यादी लावली होती, तिथे कापण्यासारखं फारसं नव्हतंच. पाइप धरून गाडी आणि उतार धुतला की दीडशे लिटर. रात्री सगळे झोपल्यावर आणि पहाटे उठल्याबरोबर टेप बघितली तर पातळी चार सेंटीमीटरनं खाली. कुणी पेलाभर पाणी घेतलेलं नसताना 36 लिटर गेले कुठे? विटेच्या कणांवर अडकलेल्या त्या झडपेतून. झडप बदलायला अर्धा तास लागला. नळाच्या दिवशी टाकी भरून वाहून जायची ते वेगळं, कारण मोटर लावून मी पेपर वाचत बसायचो. तिथे तरंगता बॉल बसवला.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचा आकडा बघून मी हादरलो. यंत्राच्या मागून जी बारीक नळी मोरीत सोडलेली असते तिच्याखाली मी बादली ठेवली. एक लिटर पाणी गाळून मिळायला जवळपास तीन लिटर बाहेर जात होतं. यंत्र घेताना विक्रेत्यानं क्षारांचं भय घातलं होतं आणि मी तपासणी न करता घेतलं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असले तर भारतीय मानकाप्रमाणे ते चालतात. मोजण्याचं छोटं यंत्र आणून पाहिलं, तर धरणाच्या नळाचं पाणी त्याच्या निम्म्याहूनही कमी निघालं. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये सांगितलं होतं तेही हेच: क्षार 500 च्या आत असतील तिथे ही यंत्रं लावू नयेत. आता नळाचं पाणी आम्ही तुरटी फिरवून, गाळून, उकळून पितो. यंत्र काढलं. ज्यांच्याकडे फक्त बोअरचं जड पाणी आहे त्यांना ते लागेल, त्यांनी मागचं पाणी फरशीला आणि संडासाला वापरावं. झाडांना घालू नये, त्यात क्षार गोळा झालेले असतात.

कूलरचं मला अजून नीट जमलेलं नाही. वैशाखात इथे पारा 42-43 ला टेकतो, आई सत्तरीच्या पुढची, कूलर बंद ठेवता येत नाही. रात्रभरात त्याची टाकी संपते. दुपारी वाळ्याचा पडदा आणि गच्चीवर पांढरा चुना, यांनी थोडा फरक पडला. कूलरचं तेवढं पाणी मी मोजतो आणि सोडून देतो.

एवढं मोजून झाल्यावर मग मी घरातल्या तिघींना बसवून विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं: पाणी कुठे जातं आणि कुठे अडतं? बायको म्हणाली, मोरीतली तोटी एवढी वर आहे की तांब्या धरला तरी निम्मं पाणी बाहेर उडतं. ती खाली घ्या. भांडी घासायला बसायची जागा उंच करा आणि दोन पसरट टोपली द्या, एक खरकट्याला, एक विसळायला. नळाखाली धरावंच लागणार नाही. आई म्हणाली, “भांडे राखेनं नाहीतर भुशानं आधी पुसून घेतले की निम्मं पानी बचतंय. तुमाला साबनाचा फेस लागतो म्हनून पानी लागतंय.” मुलीनं सांगितलं की एका बादलीत तिचे केस धुऊन होत नाहीत आणि त्या नियमापायी महिन्यातल्या त्या दिवसांत तिला फार त्रास झाला, ती रडायची, पण मला सांगायची नाही. हे ऐकून मला जेवण गेलं नाही. यादी त्या रात्री काढली.

आता आमचा खर्च दिवसाला 400 लिटरच्या आसपास असतो, म्हणजे माणशी 80. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी शासकीय हिशेब माणशी 135 लिटरचा धरतात, आणि जल जीवन मिशनमध्ये खेड्यांतल्या घराला माणशी 55 लिटर. मी जिथे शिकवायला जातो त्या गावात उन्हाळ्यात 55 सुद्धा सगळ्यांना मिळत नाही. तरी 55 वर यायचंच, असा हट्ट मी आता धरत नाही. तो धरला की पहिली कपात कुणाच्या अंघोळीत होते, हे मी पाहिलेलं आहे.

आता बोअर. ही चूक मी शेवटी सांगतोय कारण ती अजून पुरती निस्तरलेली नाही.

2019 च्या उन्हाळ्यात नळ फारच लांबला तेव्हा मी मागच्या अंगणात तीनशे फुटांवर बोअर घेतलं. पाणी लागलं, पेढे वाटले. आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन पाणी झाली: नळाचं जपायचं, बोअरचं आपलं. गाडी, उतार, झाडं सगळं बोअरवर. वर सांगितलेल्या 700 लिटरांत हे पाणी मी कितीतरी दिवस धरतच नव्हतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत जे काय साठेल तेवढंच. एकच भेग दोन-चार घरांखालून गेलेली असू शकते. शेजारच्या काकांचं बोअर जुनं आणि उथळ. ते एकदा म्हणाले, “सर, तुमची मोटर चालू झाली की माझी हवा ओढते.” मी मानलं नाही. मग दोघांनी मिळून पाहिलं. माझी मोटर चालू केली, थोड्या वेळानं त्यांच्या पाइपातून गुळण्या येऊ लागल्या. माझी बंद केली, तासाभरानं त्यांचं पाणी परत आलं. त्यांच्या घरात फक्त दोघं म्हातारी माणसं आहेत आणि त्यांनी आधीचे दोन उन्हाळे टँकर विकत घेऊन काढले होते.

मी घाईघाईनं उपाय केला, तोही चुकीचा. गच्चीचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं. आमची गच्ची हजार चौरस फूट. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्याकडचा पाऊस 800 मिलिमीटरच्या आसपास धरला तरी वर्षाला 70 हजार लिटरच्या वर हिशेब जातो. आकडा बघून हुरळलो आणि गाळणी केली नाही. पहिल्याच पावसात कबुतरांची घाण, धूळ, पालापाचोळा सगळं भेगेपर्यंत गेलं. बोअरला वास सुटला, आणि भेग एकच असल्यानं काकांच्या पाण्यालाही. ते साफ व्हायला दोन्ही मोटरी कितीतरी वेळ चालवून पाणी गटारात सोडावं लागलं.

आता बोअर एक दिवस त्यांचं, एक दिवस माझं, असं ठरलं आहे. टिल्लू मोटर काढून भंगारात दिली. नळाचं पाणी जमिनीतल्या हौदात आपसूक जेवढं येईल तेवढं घ्यायचं. यंदा दोन्ही घरांच्या मधल्या पट्टीत पाणी जिरवायचा खड्डा घेतला आहे, खर्च निम्मा-निम्मा. तळाला मोठे दगड, वर खडी, सगळ्यांत वर वाळू. पाणी गाळून मुरमात जिरेल, थेट बोअरमध्ये जाणार नाही. गच्चीच्या पाइपाला पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी बसवली आहे. ती उघडायची आणि पाणी निवळ झालं की बंद करायची जबाबदारी माझी. पाऊस शाळेच्या वेळात आला तर काकांची. वाळू अजून यायची आहे, मृगाच्या आत भरून घ्यायची आहे.